वायफायचा पासवर्ड खरा मिळाला, पैसे मात्र गेले

वायफायचा पासवर्ड विसरलात तर नेटवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’च्या नंबरला फोन करू नका. तारकर्लीला माझ्या काका-काकींच्या पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. डिसेंबरच्या ऐन सीझनला, बुकिंगचे ॲडव्हान्स जमा झालेल्या खात्यातून, त्यांचे 45,000 रुपये यापायी गेले.

आमच्याकडे मोबाइलची रेंज माडांच्या आडोशाला गेलं की जाते. त्यामुळे पर्यटक खोली बघायच्या आधी वायफाय विचारतो. पासवर्ड चुलत भावाने बदलला होता आणि तो बोटीवर असतो, हवा तेव्हा फोन लागत नाही. घरातला कॉम्प्युटर मात्र वायफायला जोडलेलाच होता. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची ऑफिसची मीटिंग तोंडावर आलेली, म्हणून काकांनी नेटवर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला.

पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता. 299 रुपये फी भरायला लावली, लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो असं स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावलं, आणि त्यातून त्यानेच कमांड द्यायची काळी खिडकी उघडून एक कमांड टाईप केली. इंग्रजी ओळींची रांग आली. त्यात ‘की कंटेंट’ या शब्दांपुढे पासवर्ड उघडा लिहिलेला होता: भावाच्या गाडीचा नंबर. पाहुण्यांचा लॅपटॉप लगेच जोडला गेला.

सगळी मेख इथेच आहे. नंतर मी पोचलो तेव्हाही काका हेच म्हणत होते, “अरे, पासवर्ड तर बरोबर दिल्यान. मगे तो चोर कसो?” काम खरोखर झालेलं दिसलं की माणूस पुढचं सगळं खरं धरतो, आणि हे लोक त्यावरच जगतात. त्याने दाखवलेली गोष्ट विंडोजमध्ये मुळातच असते. कॉम्प्युटर एकदा जोडलेल्या नेटवर्कचा पासवर्ड स्वतःकडे जपून ठेवतो, आणि मालकाला तो फुकटात बघता येतो.

मग त्याने ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडला. तिथे लाल खुणांची यादी होती. “सर, तुमच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी शिरलंय, तुमच्या पाहुण्यांचाही डेटा जाईल.” पाहुण्यांचं नाव काढल्यावर काकी घाबरल्या. खरं तर अशा लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, बारीकसारीक बिघाडांची ती नोंदवही आहे. ‘सफाई’ चालू आहे म्हणून त्याने स्क्रीन काळी केली. बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला होता, त्यामुळे लॉगिनला त्याला काही विचारावंच लागलं नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने ‘रजिस्ट्रेशन नंबर’ म्हणून मागून घेतला. पैसे दोन हप्त्यांत गेले.

मला सगळ्यात चीड याची येते की ज्या घरात दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात, त्या घराच्या पाहुण्यांबद्दलच्या काळजीचाच त्याने वापर केला.

आता खरी रीत सांगतो. कॉम्प्युटर त्या वायफायला जोडलेला असताना विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘एनसीपीए.सीपीएल’ ही अक्षरं इंग्रजीत टाकून एंटर दाबा. वायफायच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘स्टेटस’, मग ‘वायरलेस प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’. तिथे ‘शो कॅरॅक्टर्स’वर टिक केली की ठिपक्यांच्या जागी पासवर्ड दिसतो. अ‍ॅडमिनची परवानगी मागेल, ती द्या. कोणाचा अँड्रॉइड 10 किंवा पुढचा फोन आधीच जोडलेला असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमधल्या ‘शेअर’ने क्यूआर कोड येतो, पाहुण्याने तो स्कॅन केला की झालं. पासवर्ड कधीच बदलला नसेल तर तो बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. यातल्या कशालाही वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ‘फ्री पासवर्ड रिकव्हरी’ म्हणून मिळणारे अनोळखी प्रोग्रॅमही उतरवू नका, त्यांतले काही ब्राउझरमधले सगळेच पासवर्ड उचलतात.

आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. काकी रात्रभर कोणाला सांगूच नका म्हणत होत्या, तोच वेळ मोलाचा होता. आधी नेट बंद करा, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, बँकेला कळवून खातं थांबवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ओटीपी आपण दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर पुढे जाणाऱ्या पैशांची जबाबदारी बँकेची असते, म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. त्या कॉम्प्युटरवरून ते ॲप काढल्याशिवाय आणि तो तपासून घेतल्याशिवाय बँकेचं काम करू नका.

आमची तक्रार सकाळी गेली. दुसऱ्या हप्त्याची रक्कम परराज्यातल्या एका खात्यात अडवली गेली, ती सोडवायला कोर्टात अर्ज केला आहे. पहिल्या हप्त्याचा अजून पत्ता नाही.