काचेची इलेक्ट्रिक किटली: आधण येताना बघायचं असेल तर

दीड लिटरची, १५०० वॉटची ही किटली मी गेल्या पावसाळ्यात घेतली. पाचगणीच्या पावसात दिवसभर गरम पाणी लागतं, हे एक कारण. दुसरं असं की मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, आणि स्टीलच्या पातेल्यात आधण येताना आत काय चाललंय ते मुलांना दिसतच नाही.

इथे सगळं दिसतं. मागे खिडकीचा उजेड असला, तर बटण दाबल्यावर थोड्याच वेळात तळाच्या चकतीवरून तलम रेघा वर चढायला लागतात. गरम होऊन हलकं झालेलं पाणी वर निघालेलं असतं. मग मोहरीहून बारीक बुडबुडे काचेला येऊन चिकटतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा. तेच पाणी निवू देऊन पुन्हा तापवलं की हे बुडबुडे जवळजवळ दिसत नाहीत, कारण हवा पहिल्या खेपेलाच निघून गेलेली असते.

पुढे आवाज सुरू होतो. सासूबाई म्हणतात, "पाणी गायला लागलं, कप काढ." तळाशी वाफेचे बुडबुडे होतात, पण वरच्या थंड पाण्यात पोचताच मिटतात. तो आवाज त्या मिटण्याचा. म्हणून खरं आधण येतं तेव्हा किटली उलट शांत होते, बुडबुडे न मिटता थेट वर येऊन फुटतात. वीस वर्षं हे मी फळ्यावर चित्र काढून सांगत आले. वर्गात किटली लावली त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलं आपणहून पुढे येऊन उभी राहिली.

आता मोजमाप. एक लिटर पाण्याला २४ अंशांपासून आधण यायला ४ मिनिटं १० सेकंद लागली. हिशेब केला तर जवळपास ८० टक्के वीज पाणी तापवण्याच्या कामी आली, आणि खर्च एक दशांश युनिटच्या आसपास. माहितीपत्रकात "१०० अंशांना आपोआप बंद" असं छापलंय, ते मात्र बरोबर नाही. पाचगणी साधारण १३०० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब कमी, त्यामुळे इथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. १०० ची वाट पाहत बसली असती तर किटली बंदच झाली नसती! तिला बंद करते ती वाफ. मुठीतल्या पोकळीतून वाफ खाली उतरते, तिथली दोन धातूंची पातळ चकती तापून टकदिशी उलटी वळते आणि बटण पडतं. झाकण उघडं राहिलं तर वाफ तिथवर जात नाही आणि पाणी उकळतच राहतं. तेवढं जपा.

तळ जळेल का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. जपानमध्ये शिरो नुकियामा यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाण्यात बुडवलेली निक्रोमची तार तापवत नेली होती. एका मर्यादेपलीकडे तारेभोवती वाफेचं आवरण बसलं, पाणी तारेला शिवेना, आणि तार वितळली. पाण्यासाठी ही मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला १०० वॉटच्या घरात येते. या किटलीची चकती १३ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे जेमतेम ११ वॉट. आत पाणी असेपर्यंत निर्धास्त राहा. दूध मात्र यात तापवू नका, ते तळाला धरतं आणि फेस वाफेच्या वाटेत शिरतो.

तक्रारी आहेतच. एक लिटरची खूण चुकली आहे, मापनपात्राने मोजलं तर ६० मिली जास्त भरलं. तोंड अरुंद, माझा हात आत जात नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने पंधरा दिवसांत चकतीवर पांढरा थर बसतो. चमचाभर लिंबूसत्त्व घालून पाणी उकळलं की तो सुटतो. वायरही आखूड आहे, ओट्यावर प्लग जवळ नसेल तर आधी मोजून घ्या.