२४ एचपीचा फोर व्हील मिनी ट्रॅक्टर : दिवाळी ते आखाजी (अक्षय तृतीया) वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. मिनी ट्रॅक्टर बैलजोडीच्या जागी घेत असाल तर खुशाल घ्या. मोठ्या ट्रॅक्टरच्या जागी घेत असाल तर पैसे अडकवू नका. आमची शेती जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर-पारोळा पट्ट्यातली, काळी कसदार जमीन. कपाशी, दादर (रब्बी ज्वारी), हरभरा, थोडा मका. घरची बैलजोडी म्हातारी झाली आणि नवीन जोडीचे भाव ऐकून नानाच म्हणाले, "आते बैल कसाले?" त्यातून हे यंत्र घरी आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचाही हातभार लागला.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते या वर्गातल्या बहुतेक यंत्रांना लागू पडेल. तीन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, ५४० आरपीएमचा पीटीओ, म्हणजे मागची अवजारं फिरवणारा दांडा. सोबत तीन फुटी रोटाव्हेटर, पाच फणी कल्टिव्हेटर, मागे लावायचा लेव्हलर पाटा आणि एक छोटी ट्रॉली.

रब्बीची पेरणी, पाळीची कामं त्याने विनातक्रार केली. डिझेल रोटाव्हेटरवर तासाला तीन लिटरच्या आत-बाहेर. सीट कडक आहे, लाइट बरे आहेत. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. कपाशीतली कोळपणी अजून या यंत्राने केलेली नाही, ती पावसाळ्यात होईल. त्यामुळे त्यावर आत्ता मत देणं बरोबर नाही.

यंत्राची खरी परीक्षा फाल्गुन-चैत्रात झाली. आपल्याकडे या दोन महिन्यांत शेतापेक्षा खळ्यात जास्त काम असतं. हरभरा निघतो, दादर निघते, कडबा रचायचा असतो, उकिरड्याचं शेणखत वावरात न्यायचं असतं, बांध साफ करायचे असतात, पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग हलवायचे असतात. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडा. आम्ही कपाशी वेळेवर काढली, पण काढलेल्या पऱ्हाट्या खळ्याच्या कडेला तशाच पडून राहिल्या तर त्यातल्या किडक्या बोंडांत अळी राहतेच. त्या ट्रॉलीने हलवून बारीक करायला मोठ्या ट्रॅक्टरवरचा श्रेडर भाड्याने आणला. श्रेडर २४ एचपीला पेलत नाही, तो हट्ट करू नका. पण ढीग वाहून आणणं, कुट्टी परत वावरात पसरवणं, वरून रोटा मारणं ही सगळी कामं मिनीनेच केली. जिथे मोठा ट्रॅक्टर वळतच नाही, अशा गोठा आणि कणगीच्या मधल्या बोळातून शेणखताची ट्रॉली निघाली. लेव्हलर लावून खळं एका सकाळी सपाट झालं. या कामांसाठी सालदार (वर्षाच्या करारावरचा गडी) मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. पाडवा-आखाजीला सालाची बोलणी करताना हे यंत्र दारात असल्याचा फरक जाणवतो.

आता देखभाल. फाल्गुनातली धूळ आणि भुसा हे या यंत्राचे खरे शत्रू आहेत, शेतातली मेहनत नाही. मिनी ट्रॅक्टर बुटका असतो. त्याची जाळी, रेडिएटर, हवेचा फिल्टर सगळं जमिनीच्या जवळ. मळणी चालू असताना शेजारी ट्रॉली घेऊन उभं राहिलं की हरभऱ्याचं कुटार थेट पुढच्या जाळीत जाऊन बसतं. पऱ्हाटीच्या कामात कवडीचा (किडका) कापूस त्यावर चिकटतो आणि वर धूळ बसून वाकळेसारखा थर तयार होतो. पंखा फिरतोय, बेल्ट ठीक आहे, पाणी भरलेलं आहे आणि तरी तापमानाचा काटा वर चाललाय, असं दिसलं की बॉनेट उघडून आधी हा थर बघा. मऊ ब्रशने वरून खाली झाडायचा, मग पंख्याच्या बाजूने हलकी हवा मारायची. पाण्याचा जोरदार फवारा मारला तर रेडिएटरच्या पातळ पट्ट्या वाकतात आणि भुसा आणखी आत रुतून बसतो. मार्चपासून रोज संध्याकाळी मी हे करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ही पाच मिनिटं इंजिन वाचवतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. ठिबकच्या नळ्यांत बसणारे क्षार आपण ॲसिड सोडून काढतो ना, तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि तिथे ॲसिड सोडता येत नाही. तयार कूलंट घ्या, नाहीतर घट्ट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात पुस्तकात दिलेल्या प्रमाणात मिसळा. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

हवेच्या फिल्टरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गावात बहुतेक नवीन यंत्रं इथेच खराब होताना पाहिली आहेत. माझ्या यंत्राला कोरडा, दोन पदरी फिल्टर आहे. भांड्याच्या खाली रबराची एक चपटी चोच असते. ती दोन बोटांनी दाबली की साचलेली धूळ भुरभुर खाली पडते. उन्हाळ्यात रोज सकाळी ती दाबायची. मुठीत मावेल एवढी माती पडली की समजायचं, आदल्या दिवशी इंजिनाने किती धूळ गिळली असती. बाहेरचा फिल्टर काढून आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाची हवा मारायची. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात घुसते. ओट्यावर आपटून झटकायचा तर मुळीच नाही, कडेचं सील वाकतं. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, वेळ झाली की बदलायचा. ज्यांच्या यंत्राला ऑइल बाथ फिल्टर आहे त्यांनी खालची वाटी उघडून बघावी. तळाशी चिखलासारखा गाळ बसलेला असेल तर तो काढून, वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवीन ऑइल भरावं. काळा धूर आणि ओढ कमी होणं ही फिल्टर तुंबल्याची पहिली खूण आहे. त्यापेक्षा वाईट म्हणजे फिल्टर नीट न बसल्यामुळे धूळ आत जाणं. तेव्हा धूर दिसत नाही, पण लायनर आणि रिंगा घासत जातात आणि इंजिन ऑइल खायला लागतं. मग सिलिंडरच्या बोअरचं काम निघतं.

ग्रीसिंगला फार वेळ जात नाही, पण क्रम पाळा. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर ग्रीसगनने तुम्ही धूळच आत ढकलता. पुढच्या ॲक्सलची मधली पिन, दोन्ही बाजूच्या किंगपिन, लिफ्टचे हात आणि पीटीओ शाफ्टचे क्रॉस. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत दाबायचं. फोर व्हील असेल तर पुढच्या ॲक्सलचं ऑइल वेगळं असतं, मिस्त्रीसुद्धा कधीकधी ते बघत नाहीत. पहिली सर्व्हिस ५० तासांना लिहिलेली आहे, ती टाळू नका. नवीन गिअरचा बारीक लोखंडी चुरा त्या पहिल्या ऑइलमध्ये असतो.

डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सकाळी यंत्र सुरू करण्याआधी सैल करून दोन थेंब सोडायचे. टाकी संध्याकाळी भरून ठेवली तर रात्री आत पाणी धरत नाही. बॅटरीतलं पाणी एप्रिलपासून भराभर उतरतं, त्यावर लक्ष ठेवा.

बांधावरच्या वेड्या बाभळी काढताना टायर पंक्चर होतात, त्याला इलाज नाही. तोडलेल्या फांद्या आधी हाताने बाजूला करा, मग यंत्र पुढे न्या. डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह बंद करत जा, नाहीतर पुढची टायरं झिजतात.

सुरक्षेचं कळकळीने सांगतो. ही यंत्रं अरुंद आहेत, म्हणून बांधावर चढताना कलंडतात. बांध तिरका घेऊ नका, सरळ चढा, सरळ उतरा. भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यावर निघताना ब्रेकच्या दोन्ही पेडलची कडी लावलीच पाहिजे, एकच ब्रेक दाबला गेला तर यंत्र गर्रकन फिरतं. आणि पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून टाकू नका. खळ्यात बायामाणसं वावरतात, पदर, उपरणं, ओढणी शाफ्टमध्ये अडकायला क्षण लागत नाही. आमच्या घरी नियम आहे, पीटीओ बंद आणि इंजिन बंद झाल्याशिवाय मागे कोणी जायचं नाही. गरम सायलेन्सर कडब्याच्या गंजीजवळ उभा करायचा नाही, हाही नियम.

रावेरला मावसभावाकडे केळी आहे, त्याच्याकडे असंच यंत्र दोन वर्षं आहे. पाच-सहा फुटांच्या ओळीत ते आरामात फिरतं आणि केळीवाल्यांसाठी ते कपाशीवाल्यांपेक्षाही जास्त उपयोगी आहे असं माझं मत झालंय. त्याचा एक अनुभव महत्त्वाचा. कापणीनंतर बागेत रोटा मारला की खोडाचे धागे शाफ्टच्या टोकांना गुंडाळले जातात, आवळत जातात आणि बेअरिंगचं सील फाडतात. तो दर दोन-तीन ओळींनंतर इंजिन बंद करून विळ्याने ते कापून काढतो. रोटाची पाती झिजली की तो एका बाजूची न बदलता दोन्ही बाजूंची बदलतो, नाहीतर यंत्र थरथरतं.

तक्रारही आहे. माझ्या विक्रेत्याकडे हवेचा फिल्टर वेळेवर मिळाला नाही, ऐन मळणीत थांबावं लागलं. यंत्र घेण्याआधी किमतीची घासाघीस करतो तशी सुट्या भागांची चौकशी करा. हवेचा, डिझेलचा आणि ऑइलचा फिल्टर, फॅन बेल्ट, पीटीओ क्रॉस यांपैकी काय दुकानात आत्ता पडलेलं आहे ते दाखवायला सांगा. मी आता प्रत्येकी एक नग घरी ठेवतो.

आणि उन्हाळी नांगरट. काळ्या जमिनीत चैत्रात भेगा पडतात, ती खोल उलथायला या यंत्राचं वजनही पुरत नाही आणि ताकदही. मागची चाकं जागेवर फिरतात, क्लच तापतो. आम्ही पल्टी नांगर मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्यानेच मारून घेतला, ढेकळं तापायला सोडली. मृगाआधी त्यावर कल्टिव्हेटर आणि रोटाची पाळी मिनीनेच देणार आहोत. कपाशीतल्या कोळपणीत ते कसं चालतं ते पावसाळ्यानंतर लिहीन.