असेंब्ली लूब आणि ब्रेक-इन ऑइल: आठ महिन्यांनंतर

जुनं सहा सिलिंडरचं, सपाट टॅपेटचं इंजिन (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम या दांड्यावर टॅपेट थेट घासतात, मध्ये रोलर नसतो) मी स्वतः बांधलं, त्याला आठ महिने झाले. गाडी ६,८०० किलोमीटर चालली, तेव्हा असेंब्ली लूब (इंजिन जोडताना भागांना लावायचं वंगण) आणि ब्रेक-इन ऑइल (नव्याने बांधलेल्या इंजिनात सुरुवातीला भरायचं ऑइल) यांबद्दल आता बोलायला हरकत नाही.

याआधीच्या खेपेला कॅमला साधंच इंजिन ऑइल लावलं होतं. सिलिंडर हेड यायला उशीर झाला, इंजिन दोन महिने पडून राहिलं आणि ऑइल निथळून गेलं. इंजिन चालू केल्यावर महिनाभरात कॅमचा एक लोब (टॅपेटला ढकलणारा उंचवटा) झिजून बसला. चूक माझीच. म्हणून या वेळी चिकट असेंब्ली लूब घेतलं: लोबांवर आणि टॅपेटच्या तळाला सढळ हाताने, बेअरिंगांना पातळ थर. पाच आठवड्यांनी बाजूचं टॅपेट कव्हर उघडलं, तर थर जसाच्या तसा. एवढ्यासाठीच मी ते पुन्हा घेईन. (ट्यूबचं टोपण मात्र भिकार आहे. शर्टावरचा डाग अजून गेलेला नाही.) पिस्टनच्या रिंगांना हे लावू नका. तिथे साध्या ऑइलचा हात पुरे; रिंग सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम काढलेल्या होनिंगच्या रेघांवर घासलीच पाहिजे.

चालू करण्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवला. अगदी वरच्या रॉकरवर ऑइल आलेलं डोळ्यांनी पाहिलं, मगच चावी. लगेच २,००० ते २,५०० आरपीएम, खालीवर करत, २० मिनिटं. आयडलला सोडायचं नाही, कारण कॅमला मुख्यतः क्रँकने उडवलेलंच ऑइल मिळतं. वेग कमी असला की ते कमी उडतं आणि लोबच्या टोकावर स्प्रिंगचा दाबही जास्त पडतो. ब्रेक-इन ऑइलमधलं झीज रोखणारं जस्त-फॉस्फरस इथेच कामाला येतं.

मग ते ऑइल गरम असतानाच काढलं. राखाडी, बारीक चकाकी असलेलं. फिल्टर कापून घड्या उलगडल्या. गाळ होता, धातूचा कीस नव्हता. जीव भांड्यात पडला.

पुढचे ८०० किलोमीटरही ब्रेक-इन ऑइलच, नवं भरलेलं. जो तो सांगत होता, ‘हळू चालव’. मी ऐकलं नाही. अर्धा थ्रॉटल देऊन गाडी ओढायची, मग पाय काढून गिअरमध्येच सोडायची, असं पुन्हा पुन्हा. रिंगला भिंतीवर दाबतो तो जळत्या वायूचा दाब, आणि तो लोड दिल्याशिवाय येत नाही. गोंजारत चालवलं तर सिलिंडरला ग्लेझ (काचेसारखा गुळगुळीतपणा) चढतो आणि इंजिन जन्मभर ऑइल पितं.

त्या टप्प्यात अर्धा लिटर टॉप-अप लागलं. नंतर साधं मिनरल, ५,००० नंतर सिंथेटिक. २,००० पासून डिपस्टिकची रेघ हललेली नाही आणि सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन १३० ते १३५ पीएसआय.

क्रँकच्या मागच्या टोकाच्या मेन सीलमधून थेंब पडतो, पण तो ऑइलचा दोष नाही. सील बसवताना मला जेवायची घाई झाली होती.