सी-१० साठीचं ४/६ लोअरिंग किट: स्प्रिंग कुणाचीही घ्या, पॅनहार्ड बार मात्र बघून घ्या

१९६७ ते १९७२ ची शेव्हरोले सी-१० पिकअप खाली बसवायची ठरली की अमेरिकेत बहुतेकांची पहिली खरेदी असते ४/६ ड्रॉप किट, म्हणजे पुढून ४ इंच आणि मागून ६ इंच. बऱ्याच कंपन्या ते विकतात आणि खोक्यातला माल जवळपास सारखाच असतो: पुढे अडीच इंची ड्रॉप स्पिंडल (चाकाची धुरी वर सरकवलेला भाग) आणि दीड इंच बसकी कॉइल, मागे ४ इंच बसकी कॉइल आणि २ इंची ब्लॉक (एक्सलखाली बसणारा ठोकळा), किंवा सरळ ६ इंच बसकी कॉइल, आखूड शॉक, त्यांचे ब्रॅकेट, आणि पॅनहार्ड बारसाठी, म्हणजे एक्सलला आडवं धरणाऱ्या दांड्यासाठी, काहीतरी. किट घ्यायचं की सोडायचं, ते या शेवटच्या वस्तूवर ठरवावं.

आपल्याकडे बोलेरो पिकअपपासून हायलक्सपर्यंत सगळ्यांच्या मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. पाटाच एक्सलला पुढे-मागे आणि आडवंही धरून ठेवतो. सी-१० च्या बहुतेक गाड्यांना मागे पाटे नाहीत. दोन लांब ट्रेलिंग आर्म एक्सलच्या खालून पुढे चॅसीच्या आडव्या तुळईपर्यंत (क्रॉसमेंबर) जातात, वजन कॉइल पेलते आणि एक्सलला डावी-उजवीकडे धरतो तो एकटा पॅनहार्ड बार. (रचना जुनी असली तरी कच्ची नाही. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या कप गाड्यांनी मागे असेच आर्म (ट्रक आर्म) २०२१ च्या हंगामापर्यंत वापरले.) या बारचं एक टोक चॅसीला, दुसरं एक्सलला. त्यामुळे गाडी वर-खाली झाली की एक्सलकडचं टोक चॅसीच्या बोल्टभोवती कमानीत फिरतं. आडवा बार तिरका झाला की एक्सल त्या बोल्टाकडे ओढला जातो. तिरका बार आडवा झाला की उलट ढकलला जातो. बार ३० इंचांचा धरा. आडव्यापासून ४ इंच तिरका झाला तर एक्सल पाव इंचाहून थोडा जास्त सरकतो, ६ इंचांना सहा दशांश इंच. रुंद टायर असतील तर एवढ्यात एका बाजूचा टायर फेंडरच्या कडेला घासायला लागतो आणि दुसऱ्या बाजूला अख्खा पंजा जाईल एवढी फट दिसते.

किटमध्ये यावर तीन उपाय दिसतात. काही फक्त ब्रॅकेट देतात आणि कारखान्याचा बार तसाच वापरायला सांगतात. ठरलेल्या उंचीला बार आडवा येतो हे खरं, पण पन्नास वर्षांच्या चॅसीत ब्रॅकेटचं भोक जागेवर असेलच असं नाही, आणि लांबी बदलता येत नसल्याने उरलेला फरक कायम राहतो. मी हे किट घेऊ नका म्हणेन. दुसरा प्रकार एका टोकाला आटे असलेला बार. पाऊण इंची दांड्याला एका इंचात १६ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला १/१६ इंच. काम होतं, पण प्रत्येक वेळी एक बोल्ट काढून टोक फिरवावं लागतं. तिसरा, दोन्ही टोकांना आटे पण एका टोकाचे उलटे असलेला बार, हाच घेण्यासारखा. तो गाडीखाली जागेवरच पान्याने फिरवता येतो आणि एका फेऱ्याला १/८ इंच बदलतो. रोजच्या गाडीला दोन्ही टोकांना रबर किंवा पॉलीयुरेथेनचे बुश बघा. नुसते लोखंडी रॉड एंड (बुश नसलेली गोळीची टोकं) घट्ट धरतात, पण धूळ-पाण्याने झिजले की प्रत्येक खड्ड्याला खडखडतात.

बार बसवून झाल्यावर मापं घ्यायची ती गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप फुकट, कारण तेव्हा बारचा कोन वेगळाच असतो. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दहा-बारा फूट मागेपुढे ढकला. टायर आडवे अडकून राहिलेले असतात, ते मोकळे होतात. मग चॅसीच्या बाहेरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. फेंडरवरून मोजू नका, मागचा हौदाच (बेड) बोल्टांवर वाकडा बसलेला असू शकतो. डावीकडे ३ इंच आणि उजवीकडे साडेतीन आले, तर एक्सल पाव इंच सरकलाय, अर्धा नव्हे. बार तेवढाच फिरवा, पुन्हा ढकला, पुन्हा मोजा. लॉक नट शेवटी, आणि रबरी बुशांचे बोल्टही गाडी चाकांवर असतानाच आवळा. नाहीतर बुश कायम पिळलेले राहून फाटतात.

मध्य साधला की मगच एक्सलचा गाडीशी काटकोन बघायचा, कारण एक्सल आडवा सरकवला की कर्णांची मापं बदलतात. दोन्ही ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या बोल्टांवरून आणि एक्सलच्या दोन टोकांवरून ओळंबे सोडून जमिनीवर खडूने चार खुणा करा. दोन कर्णांत १/८ इंचापेक्षा जास्त फरक नको. जास्त असला तर बहुतेक वेळा पुढचे बुश झिजलेले असतात, किंवा ब्लॉकची मधली पिन भोकात नीट न बसताच यू-बोल्ट आवळलेले असतात. एक चाक पाव इंच पुढे राहिलं तर एक्सल साधारण पाव अंश तिरका होतो. गाडी सरळ जाते, पण स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. यू-बोल्ट नवेच घ्या, चारही नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा आणि पहिल्या शंभर मैलांनंतर पुन्हा तपासा.

पिनियनचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो त्या नाकाचा, कोन हा किटच्या माहितीपत्रकात सगळ्यात घाईने उरकलेला भाग. आर्मचं पुढचं टोक चॅसीबरोबर खाली जातं आणि एक्सल आर्मला पक्का आवळलेला असल्याने पिनियनचं नाक खाली झुकतं. आर्म ४ फुटी धरला आणि ६ इंच सगळे स्प्रिंगमधून घेतले, तर फरक ७ अंशांच्या आसपास. चालताना प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) थरथरतात आणि लवकर जातात. ब्लॉकची गोष्ट वेगळी: तो आर्म आणि एक्सलच्या मध्ये बसतो, त्यामुळे अख्खा आर्म खाली येतो पण त्याचा कोन बदलत नाही. म्हणून ४ इंच स्प्रिंग अधिक २ इंच ब्लॉक असलेलं किट मला जास्त पटतं. कोनाचा फरक ५ अंशांच्या आत राहतो. उरलेला फरक पाचरीने काढायचा, आणि नाक वर उचलायचं तर पाचरीची जाड बाजू पुढे. प्रत्येक क्रॉसचा कोन १ ते ३ अंशांत ठेवा.

पुढच्या बाजूला फार सांगण्यासारखं नाही. ड्रॉप स्पिंडलने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) फारसा बिघडत नाही, तरी अलाइनमेंट शेवटी करून घ्याच. पुढे डिस्क ब्रेक १९७१ पासून आले. त्याआधीच्या ड्रमवाल्या गाडीला स्पिंडलबरोबर ब्रेकचाही खर्च धरा.

मागून ६ इंच घेताना चॅसीला सी-नॉच (एक्सलला जागा देणारी सी-आकाराची खाच) लागतोच, आणि बऱ्याच किटमध्ये तो नसतो. नॉचशिवाय एक्सलची नळी आणि चॅसी यांच्यात इतकी कमी जागा उरते की गतिरोधकावर लोखंडावर लोखंड आदळतं. नॉच कापून वेल्ड करायचा नसेल तर मागून ४ इंचांवर थांबा. तसंच कॉइलला वर आणि खाली पकड आहे ना ते बघा. आखूड कॉइल असताना गाडी जॅकवर चढवली की पकड नसलेली कॉइल जागेवरून निसटते.