मारुती ८००चा फुल पेंट: पावसाळा काढल्यानंतर

गाडी १९९५ची, पांढरी. ८०० असल्यामुळे बाकीचं सांगत बसत नाही. मार्चमध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात फुल पेंट करून घेतला. रंग तोच ठेवला, नाहीतर आरसीवर बदलाची नोंद करायला आरटीओत खेटे घालावे लागतात. तेव्हा माझी मोठी तक्रार छताची होती. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसलाय म्हणून मी पैसेही कापले होते. आता एक पावसाळा झाल्यावर छताबद्दल काही म्हणणं नाही. छत दिसतं ते तिसऱ्या मजल्यावरच्यांना. बोलायचंय ते दारांच्या आणि डिकीच्या लॉकबद्दल, म्हणजे रंगाआधी ती काढावी की नाही याबद्दल.

गॅरेजवाल्याचं म्हणणं, "साहेब, लॉक कशाला काढता? टेप मारतो, कळणारसुद्धा नाही." कळतं. टेप लॉकच्या रबरापर्यंतच पोचते. रबराखाली जुना रंग, वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि मळ तसाच राहतो, तिथे घासायचा पेपर फिरत नाही. नवा रंग त्या कडेला येऊन थांबतो आणि तिथे बारीक पायरी तयार होते. पाणी त्या पायरीखाली शिरलं की आधी रंग सुटतो, मग पत्रा गंजतो.

म्हणून पुढच्या दोन्ही दारांची लॉक मी घरीच काढून गाडी दिली. काम कठीण नाही, किचकट आहे. काच पूर्ण वर करायची म्हणजे आत हाताला जागा मिळते. काचेच्या हँडलमागे फडक्याची पट्टी घालून मागे-पुढे ओढली की स्प्रिंग क्लिप उडते. ती कुठे उडते त्यावर लक्ष ठेवा. मग दाराच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा आणि त्यामागचं प्लास्टिक काढायचं. लॉकच्या मागच्या रॉडला प्लास्टिकची चिमुकली क्लिप असते. इतक्या वर्षांनी ती हात लावताच तुटते, म्हणून नव्या आधीच आणून ठेवा. शेवटी सिलिंडरला, म्हणजे चावी घालायच्या नळीला, धरून ठेवणारी यू आकाराची पत्री क्लिप पकडीने बाजूला ओढली की लॉक बाहेरून हातात येतं. डावं-उजवं वेगळ्या डब्यात ठेवा. गॅरेजात गाडी सोडताना काचा खाली ठेवा. नाहीतर कोणीतरी दार धाडकन लावतो आणि मग उघडायचं कुठून?

गाडी परत आली तेव्हा दारातलं प्लास्टिक गायब होतं. "त्याचं काय काम असतं?" असं मलाच विचारलं. काचेवरून उतरलेलं पाणी दारात जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. प्लास्टिक नसेल तर पुठ्ठा भिजून फुगतो आणि पाणी कार्पेटवर येतं. मी जाड प्लास्टिक कापून चिकटवलं. खालची कड दाराच्या आत वळवायची, हे महत्त्वाचं. भोकंही रंगाने बुजली होती, ती डिस्मिसने (स्क्रूड्रायव्हरने) मोकळी केली आणि उघड्या पत्र्याला प्रायमर लावला.

आता आनंदाची गोष्ट. ड्रायव्हरच्या बाजूचं लॉक इतकं झिजलं होतं की चावी हलवून, विनवून फिरवावी लागायची. गॅरेजवाला नवीन लॉक सेट टाका म्हणत होता, म्हणजे इग्निशन, दारं, डिकी, सगळंच. मी सिलिंडर घेऊन स्टेशनजवळच्या एका चावीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही उघडून बघितले आणि म्हणाले, "डावं तर कोरं आहे की!" बरोबरच आहे, डावं दार मी कायम आतूनच उघडतो. चावी एकच, त्यामुळे आतली, चावीच्या खाचांवर बसणारी पितळी पानंही तीच. त्यांनी डाव्यातली पानं उजव्यात घातली, उजव्यातली झिजकी डाव्यात. झिजलेल्या चावीवरून चावी काढली तर झीजही उतरते, म्हणून न वापरलेल्या दुसऱ्या चावीवरून नवी काढून दिली. काकांनी घेतलेल्या पैशांत गॅरेजवाल्याच्या सेटचा रिकामा खोकाही आला नसता. तेल घालू नका म्हणाले, ग्रॅफाइटची पूड घाला. घोडबंदर रोडच्या मेट्रोच्या कामाच्या धुळीत तेलाचा चिखल होतो, हे मी आधीच्या लॉकमध्ये पाहिलंच होतं.

आता डिकी. तिचं लॉक "आम्हीच काढतो" असं गॅरेजने कबूल केलं होतं. ऑगस्टमध्ये नेमकं त्याच लॉकभोवती रंगाला फुगे आले. दारांवर एकही नाही. गाडी तीच, रंग तोच, पाऊस तोच. जाऊन दाखवलं तर म्हणे, "काढलं होतं, साहेब." नखाने रबर उचललं, खाली जुना रंग तसाच. मग सूर बदलला, "टचअप फुकट करून देतो." टचअप म्हणजे पुन्हा टेप मारूनच, हे मी ओळखून आहे. मी सांगितलंय की लॉक काढून, भोकाची कड पत्र्यापर्यंत घासून, प्रायमरपासून करा, नाहीतर कापलेले पैसे विसरा. ते दिवाळीनंतर या म्हणतात. तोपर्यंत डिकीच्या लॉकवर सेलोटेप आहे, आणि लॉक घरीच काढून गाडी नेणार आहे.