ब्रेसेस काढल्यानंतर: चावा टिकला, तारेचा ठिपका नाही टिकला

ब्रेसेस निघून बरेच महिने झाले. माझा डीप बाइट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्या दातांवर फार खोल उतरणं, गेला. मला लिहायचंय ते खालच्या पुढच्या सहा दातांमागे, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत चिकटवलेल्या पिळाच्या बारीक तारेबद्दल (हाच रिटेनर, सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारा). तिचा एका पटाशीच्या दातावरचा कंपोझिटचा, म्हणजे तिला दाताला चिकटवणाऱ्या भरावाचा, ठिपका सुटला.

आणि सुटल्याचं कळलंच नाही. दुखलं नाही, टोचलं नाही. बाकीच्या पाच दातांनी तार जागेवर धरून ठेवली होती. एकदा फ्लॉसचा दोरा तार आणि दात यांच्यामधून सरळ पार सरकला, तेव्हा लक्षात आलं. तोवर दात वळला होता आणि त्याची कड जिभेला लागू लागली होती.

क्लिनिकमध्ये सांगितलं, रिटेनरची दुरुस्ती पॅकेजमध्ये धरलेली नाही, वेगळे पैसे पडतील. सरळ केलेले दात ज्या तारेच्या भरवशावर सोडले, तीच पॅकेजबाहेर? एवढा खर्च करून घेतलेल्या माणसाला हे पहिल्याच दिवशी, लेखी कळायला हवं.

तेव्हा मला वाटलं, उपचारच कच्चा झाला. वाचत गेल्यावर मत बदललं. दात हलवल्यावर हिरडीतले लवचिक तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ घेतात आणि तोवर दाताला मागे ओढत राहतात. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल यांच्या गटाने उपदाढा काढून उपचार केलेले रुग्ण रिटेनर बंद झाल्यावर वर्षानुवर्षं तपासले. 1981 च्या अभ्यासात 10 वर्षांनंतर खालची पुढची रांग समाधानकारक राहिलेले 30 टक्क्यांहून कमी होते. 1988 च्या अभ्यासात 20 वर्षांनंतर जेमतेम 10 टक्के. शिवाय ज्यांनी कधीच ब्रेसेस लावले नाहीत, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटतात. म्हणजे दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. पैशांबद्दलची तक्रार मात्र कायम आहे.

मूळ कामावर मी खूश आहे. आधी खालच्या दातांच्या कडा टाळूच्या हिरडीत रुतायच्या, तिथे सतत हुळहुळायचं. ते पूर्ण थांबलंय. घास पुढच्या दातांनी नीट तोडता येतो. एक दात वळला तरी चावा बसलेलाच आहे, आणि हाच उपचार मी पुन्हा घेईन.

ब्रेसेस लावायच्या विचारात असाल तर रिटेनर किती वर्षं आणि त्याची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे आधी विचारा. तारेच्या जोडीला रात्री घालायचा पारदर्शक रिटेनरही मागून घ्या. ठिपका सुटला तरी दात फार सरकण्याआधी हा रिटेनर घट्ट बसू लागतो आणि काहीतरी बिघडल्याचं कळतं. ब्रेसेस निघाल्या दिवशीचं स्कॅन किंवा साचा स्वतःजवळ ठेवा. आणि सगळे ठिपके शाबूत असूनही एखादा दात फिरताना दिसला तर लगेच दाखवा. तारेतच पीळ राहून गेला असेल तर ती स्वतःच दात हलवते.

माझ्या बाबतीत त्याच भेटीत तार पुन्हा चिकटवायची तयारी झाली होती. मी थांबवलं, कारण तसं केलं असतं तर दात वाकडाच पक्का झाला असता. आता तो दात आधी अलाइनर ट्रेने (दात हळूहळू सरकवणाऱ्या पारदर्शक कव्हरने) जागेवर आणतोय. जवळजवळ आलाय. ठिपका त्यानंतर.