प्लेगच्या वाटेने पायी सफर

मुंबईतली मांडवी ते खोताची वाडी ही मार्गदर्शकासह केलेली पायी सफर मला मनापासून आवडली, कारण १८९६ साली मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलेल्या प्लेगमुळे १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट हा शहरसुधारणेचा मंडळ-कारभार कसा स्थापन झाला आणि पुढे दादर-माटुंग्याची मोकळी वस्ती कशी आखली गेली, हे तिथे नीट उलगडले. वाडीतल्या प्लेगच्या काळातल्या क्रुसावर झेंडूचा ताजा हार होता. साथीतली भीती आजही श्रद्धा होऊन टिकली आहे, असे तिथे उभे राहून वाटले. मात्र रोगराईच्या प्रदेशांत समाज परक्यांपासून सावध आणि रूढींना घट्ट धरून राहतो, हा काही संशोधकांचा वादग्रस्त पण विचार करायला लावणारा सिद्धांत मार्गदर्शकांनी दोन वाक्यांत आटोपला, याची रुखरुख लागली.